डावीकडचा ठिपका

मोटारसायकलखालचा ऑइलचा ठिपका रुपयाएवढा असेपर्यंत मालकाचा असतो. भाकरीएवढा झाला की गावाचा होतो. जाफराबादेत हे हस्तांतर झटक्यात होतं. इथं गाडी कुठंही लावा, समोर चहाचं हॉटेल असतंच, हॉटेलापुढं बाकडं असतं आणि बाकड्यावर तहसीलातल्या साहेबांची, बँकेतल्या लिंकची नाहीतर भोकरदनकडून येणाऱ्या एसटीची वाट बघणारी माणसं असतात. साहेब, लिंक आणि एसटी ज्या दिशेनं यायची त्या दिशेला बघून बघून मान दुखते, मग माणूस खाली बघतो. खाली ठिपका असतो.

"सर, गाडी गळू राह्यली तुमची."

इथवर ही नुसती बातमी असते. पुढच्याच वाक्याला निदान येतं. "मॅग्नेटचं पॅकिंग गेलं." सांगणारा जागचा उठलेला नसतो, गाडीला त्याचा हात लागलेला नसतो, बशीतला चहाही संपलेला नसतो. शेजारचा म्हणतो, "पॅकिंग कुठलं! सील. चेन सॉकेटच्या मागचं." तिसरा दोघांचीही कीव करत म्हणतो, "ड्रेन बोल्टचे आटे गेले, दुसरं काय." आणि चौथा, ज्याला या बारीकसारीक गोष्टींत रस नसतो, तो थेट निकाल देतो, "इंजिन खोलावं लागतंय. रिंग-पिस्टन. त्यापरीस देऊन टाका, गिऱ्हाईक हाय माझ्याकडं." हा चौथा गृहस्थ प्रत्येक बाकड्यावर असतो आणि त्याच्याकडं खरोखरच गिऱ्हाईक असतं. बहुतेक वेळा ते त्याच्या घरातच राहतं.

यात एक मोसंबीचे बागायतदारही होते. त्यांनी ठिपक्याकडं नीट निरखून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "ठिबक कव्हा केलं सर? अनुदान आलं का?"

माझी गाडी शंभर सीसीची, एमएच २१ची, म्हणजे अस्सल जालना जिल्ह्यातली. हे सांगावं लागतं, कारण जाफराबाद जिल्ह्याच्या टोकाला आहे आणि चिखली, देऊळगाव राजाकडून येणाऱ्या एमएच २८च्या गाड्या इथं रोज दिसतात. एमएच २८ची गाडी गळाली तर दोष बुलढाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांना देऊन लोक मोकळे होतात. एमएच २१ गळाली की जबाबदारी आपली.

आता बाकड्यावरून एक गोष्ट दिसत नाही. आपल्याकडं गाड्यांचं साइड स्टँड डावीकडं असतं. गाडी उभी केली की ती डाव्या अंगाला कलते. मग इंजिनातून ऑइल वरून येवो, पुढून येवो, उजवीकडून येवो, ते ओघळत ओघळत डाव्या खालच्या कोपऱ्यात जमतं आणि तिथं थेंब धरतं. चालत्या गाडीत वारा त्याला मागं ढकलतो. हेडवरच्या टॅपेट झाकणाची रबरी रिंग कडक झाली तरी ठिपका डावीकडंच. उजवीकडच्या क्लच कव्हरमधून पाझरलं तरी इंजिनाच्या पोटाखालून फिरून ठिपका डावीकडंच. थेंब जिथं पडतो तिथून ऑइल निघालेलं नसतं, हे या विषयातलं पहिलं सूत्र, आणि ते समजेपर्यंत डावीकडचं मॅग्नेट कव्हर खोलून झालेलं असतं. उभ्या मराठवाड्यात या झाकणाइतकं निष्पाप आणि इतक्यांदा उघडलं गेलेलं झाकण दुसरं नसेल.

खोलल्यावर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. जुनं पॅकिंग अर्धं झाकणाला आणि अर्धं इंजिनाला चिकटून राहतं. ते ब्लेडनं खरवडायचं. ॲल्युमिनियम मऊ, ब्लेडला धार, आणि खरवडणारं पोरगं नुकतंच नववीतून बाहेर पडलेलं. एक ओरखडा बसला की त्या ओरखड्यातून नवी, अस्सल गळती सुरू होते. म्हणजे आधी जे निदान साफ चूक होतं ते दुरुस्तीनंतर खरं ठरतं. "बघा, म्हणलो नव्हतो का, मॅग्नेटच गळतंय!" असं म्हणणाऱ्याला खोटं पाडायला कुणाकडंच पुरावा उरत नाही.

बोल्ट आवळायचीही एक रीत आहे. समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे झाकण सगळीकडून सारखं बसतं. आठच्या टी-पान्यानं फिरणाऱ्या त्या बारक्या बोल्टांना मनगटाचा जोर पुष्कळ होतो. आपल्याकडं खांद्याचा लावतात, आणि बोल्टमधून 'कुईं' आवाज आला की समाधानानं पुढच्याकडं वळतात. ड्रेन बोल्टची तर दैना विचारू नका. प्रत्येक ऑइल बदलाला तो सोळा-सतराच्या पान्यानं आवळला जातो, पान्याला पाइप अडकवून आणखी आवळला जातो, त्याच्या खालचा ॲल्युमिनियमचा वायसर बदलायचा असतो हे कुणाच्या गावीही नसतं, आणि शेवटी आटे गेले की घरच्या नळाची पांढरी टेप गुंडाळून त्याला पुन्हा जागेवर बसवतात. नळ गळतो तो गळतोच.

दुकानात तयार पॅकिंग नसेल तर ते जालन्याहून येईपर्यंत कोण थांबतो? लग्नपत्रिका घ्यायची. ही थट्टा नाही. तालुक्याच्या ठिकाणी निम्म्या गाड्या कुणाच्या ना कुणाच्या लग्नावर चालतात. पत्रिका इंजिनाच्या कडेवर ठेवायची, गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं, धारेवर कागद आपोआप कापला जातो, बोल्टांची भोकंही तशीच पडतात. वरून शेलॅकचा हात. मिस्त्री लोक पत्रिका निवडण्यात फार चोखंदळ असतात. सोनेरी उठावाचा गणपती असलेली नको, तिथं जाडी वाढते. मखमली नको, फुगते. साधी, एकसारख्या जाडीची, मध्यमवर्गीय पत्रिका सगळ्यांत उत्तम बसते. एका गाडीचं कव्हर खोलताना मी बघत होतो. काळ्या ऑइलात भिजूनही 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' हे शब्द स्वच्छ वाचता येत होते. मामाला तोवर दोन लेकरं झाली होती. पॅकिंग टिकून होतं.

जुन्या लोकांना या सगळ्याचं हसू येतं, आणि त्यांचं बरोबर आहे. राजदूतच्या काळात ऑइल पेट्रोलातच मिसळून टाकायचे. ते जळून सायलेन्सरमधून निळ्या धुराच्या रूपानं बाहेर पडायचं आणि त्याला कुणी गळती म्हणत नसे. बुलेटवाल्यांचा तर थाटच निराळा. जुन्या बुलेटला इंजिनाची कोंडलेली हवा बाहेर सोडायला एक नळी असायची आणि तिच्यातून येणारं तेल मागच्या चेनवर पडायचं. गाडी स्वतःच स्वतःच्या चेनला तेल घालते याचा मालकाला अभिमान असे, आणि बुलेट गळायची थांबली की तो घाबरून आधी ऑइल बघायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि चित्र पालटलं. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. आमच्या भागानं ती जाहिरात कंपनीला वाटलं त्याहून जास्त मनावर घेतली. कंपनीच्या मनात पेट्रोल होतं. लोक इंजिन ऑइलही विसरले.

ज्यांना आठवतं ते जरा जास्तच आठवतात. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना ऑइल बदलताना नऊशे मिली लागतं. दुकानातून डबा लिटरचा आणला तर नऊशे ओतून झाल्यावर प्रश्न पडतो की उरलेल्या शंभर मिलीचं काय करायचं. पैसे पूर्ण लिटरचे दिलेत. घरी ठेवायचं तर सांडतं. मग 'जाऊ द्या, आतच बरं' म्हणून तेही ओततात. जास्तीचं ऑइल आत फेसाळतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर यायला बघतं. हे मोजायला गाडीला गेजची कांडी असते, पण तिच्यावरही एकमत नाही. कांडी नुसती टेकवून बघायची की आटे फिरवून आत बसवून बघायची, यावर मी दोन सख्ख्या भावांना एकमेकांशी बोलणं बंद करताना पाहिलं आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ते छापलेलं असतं. पण पुस्तक उघडून बघितलं तर वाद मिटतो, म्हणून ते कुणी उघडत नाही.

आणि एक गोष्ट मात्र पुस्तकात नसते. आमची काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला धरते, उन्हाळ्यात धूळ होऊन इंजिनावर बसते, आणि पाझरणाऱ्या ऑइलात मिसळून तिचा असा काही थर होतो की पंख्यांच्या खाचा बुजून जातात. हा थर कित्येक गाड्यांचं खरं पॅकिंग आहे. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा मारून गाडी चकचकीत केली की दुसऱ्या दिवशी ती गळायला लागते. लोक म्हणतात, धुतली म्हणून बिघडली. धुतली म्हणून दिसली, हे म्हणणं सोपं असलं तरी ते ऐकायला कुणी थांबत नाही. आमच्या ओळखीच्या एका ग्रामसेवकांनी गाडी दहा वर्षं धुतली नाही. गाडी गळली नाही हेही खरं आहे.

माझी गाडी मी ज्या चाचांकडं नेतो त्यांचं गॅरेज म्हणजे लिंबाचं झाड, एक पत्रा आणि पान्यांची पेटी. चाचा फार बोलत नाहीत. बाकड्यावरची मंडळी गाडीच्या मागं मागं इथवर आलीच होती, आणि प्रत्येकानं आपलं निदान नव्यानं मांडलं. चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं, गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली आणि पोराला म्हणाले, "धुलाई."

धुलाई म्हणजे रॉकेल, ब्रश आणि चिंध्या. काळा थर निघाला, खालून कारखान्यातून आली होती त्या रंगाचं इंजिन बाहेर आलं, आणि मलाच ते अनोळखी वाटलं. मग कोरडं करून चाचांनी खिशातून अंगाला लावायची पावडर काढली आणि इंजिनभर भुरभुरली. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची बारीकशी रेघही लगेच उमटते, आणि रेघ वर जाऊन जिथं संपते तिथं गळतीचं मूळ. डॉक्टरी तपासणी म्हणावी इतकी साधी आणि स्वस्त युक्ती. मागून कुणीतरी सुचवलं, "कुंकू बी लावा."

गाडी चालू केली. थोड्या वेळानं रेघ उमटली. पण एक नाही. चेन सॉकेटच्या मागच्या सीलपाशी एक, किकच्या दांड्यापाशी एक, टॅपेटच्या झाकणाखाली एक पुसटशी. मंडळींत आनंदाची लाट आली, कारण आता सगळेच बरोबर होते. सीलवाला, पॅकिंगवाला, सगळे. इंजिनवाल्यानं तर गिऱ्हाईकाला फोन लावायला मोबाइल बाहेर काढला.

चाचा मात्र रेघांकडं बघत बसले आणि भलताच प्रश्न विचारला. "सर, उन्हाळ्यात गाडी चालत व्हती का उभी व्हती?"

उभी होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी, गाडी पत्र्याखाली. शाळा उघडल्यावर बाहेर काढली आणि गळती सुरू झाली.

चाचांनी मान हलवली आणि इंजिनाच्या मागं कुठंतरी हात घातला.

या प्रश्नावरून मला इथलीच एक जुनी हकिकत आठवली. आमची केळणा नदी जाफराबादेशी पूर्णेला मिळते. तिच्याच वरच्या अंगाला असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं शिंदे-भोसल्यांची फौज नदीच्या एका अंगाला आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दुसऱ्या अंगाला. समोरून नदी ओलांडायची तर मराठ्यांच्या तोफा रोखलेल्या. खालच्या अंगाला कुठं उतार आहे का, असं त्यानं वाटाड्यांना विचारलं. वाटाडे ठामपणे म्हणाले, नाही. वेलस्लीनं स्वतः जाऊन पाहिलं तर दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं म्हणजे माणसांचं येणं-जाणं असणार, येणं-जाणं म्हणजे उतार असणार. उतार निघाला, फौज पार झाली, आणि लढाईचा निकाल आपल्याला जड जावा असाच लागला.

वेलस्लीचं कौतुक करायला अर्थातच मन धजत नाही. मला जवळचे वाटतात ते वाटाडे. नदीत पाय न घालता 'उतार नाही' असं छातीठोक सांगणारी ती माणसं आजही आमच्यात आहेत, फक्त आता ती चहा पिता पिता सांगतात. एवढं मात्र मान्य करावं लागेल की वेलस्लीनं पाणी बघितलं नाही, गावं बघितली. आणि चाचांनी थेंब बघितला नाही, गाडीची सुट्टी विचारली.

त्यांचा हिशोब असा होता. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालची हवा दाबली जाते. शंभर सीसीच्या गाडीत प्रत्येक फेऱ्याला शंभरएक सीसी हवा, मिनिटाला चार-पाच हजार फेरे. ती हवा कोंडू नये म्हणून इंजिनाला श्वास घ्यायची नळी असते. नळी बंद झाली की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथं कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर येतं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी रेघा उमटल्या म्हणजे तीन-चार सीलं एकाच सुट्टीत गेली नसणार. सगळ्यांना मागून कुणीतरी ढकलतंय.

त्यांनी नळीचं टोक हातात घेतलं. ते चिखलानं भरलेलं होतं. पण हा रस्त्याचा चिखल नव्हता. गुळगुळीत, मुद्दाम लिंपलेला, आत जाऊन कप्पा केलेला. सायकलच्या तारेनं टोकरल्यावर मातीच्या वड्यांबरोबर दोन वाळके कोळी बाहेर पडले.

"कुंभारीण," चाचा म्हणाले.

पत्र्याखाली, सुट्टीत, शांत उभ्या असलेल्या गाडीची नळी बघून कुठल्यातरी कुंभारीण माशीनं तिथं बाळंतपणाची सोय केली होती. ही माशी मातीचं घर बांधते, त्यात कोळी किंवा अळ्या बधिर करून ठेवते, अंडं घालते आणि दार लिंपून निघून जाते. माझ्या इंजिनाचं तिला काही देणंघेणं नव्हतं.

गर्दीत माळकरी एक बाबा होते. त्यांना हा दृष्टांत सोडवेना. कुंभारीण अळी घरात कोंडते, अळी तिच्या ध्यासानं तिच्यासारखीच होते, म्हणून भ्रमर-कीटक न्याय, असं निरूपण त्यांनी सुरू केलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अळी काही होत नसते, ती आतल्या पिल्लाच्या पोटात जाते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा रंगात आले होते, आणि इथं तर अळीच नव्हती, कोळी होते.

नळी साफ झाली. चाचांनी तिच्या टोकाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा तारेनं बांधला. पुन्हा पावडर टाकली, मी टेंभुर्णीच्या रस्त्यानं एक फेरी मारून आलो. पावडर कोरडीच होती. सीलला हात लागला नाही, पॅकिंगला हात लागला नाही, मॅग्नेटचं झाकण तर त्या दिवशी कित्येक वर्षांनी प्रथमच न उघडता सुटलं.

मंडळी पाच मिनिटं गप्प होती. एवढ्या मोठ्या निदानाला एवढासा उपाय निघाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग सीलवाला म्हणाला, "मी तर म्हणलोच व्हतो, हवेचं काहीतरी हाय." पॅकिंगवाल्यालाही तसं म्हटल्याचं आठवलं. इंजिनवाल्यानं गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं की सौदा थोडा लांबलाय. जाळी बसवल्यानं इंजिनाचा श्वास कोंडेल का, यावर दोन नवे पक्ष पडले.

चाचांना पैसे विचारले. "पैसा काय घ्यायचा सर, मटेरियल लागलंच नाही. चाय पिलाओ." हे त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं असावं. हॉटेलात गेलो तेव्हा पोऱ्यानं कप आधीच वाटलेले होते. चाचा, त्यांचं पोरगं, सीलवाला, पॅकिंगवाला, ड्रेन बोल्टवाला, इंजिनवाला, बागायतदार, माळकरी बाबा, आणि लिंक आली का ते विचारायला नुकताच बँकेतून बाहेर पडलेला एक गृहस्थ, ज्यानं माझी गाडी बघितलीसुद्धा नव्हती. त्यानं बिस्किटंही घेतली.